कानशीची दोन टोकं

मिस्त्रींचा उजवा हात थरथरतो हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ते स्वतः आणि दुसरी मी. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. गोंदियात राइस मिलच्या मागच्या गल्लीत आमचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, राहत्या घराचीच पुढची खोली. खिडकीखाली लाकडी ठोकळ्यावर बसवलेला लोखंडी शिकंजा, भिंतीवर ओळीने कानशी, आणि दारासमोरच काचेच्या चौकटीत सरकारी लायसन. त्या लायसनवर एकट्या मिस्त्रींचं नाव होतं. दुसऱ्या कुणी दुकानातल्या हत्याराला अवजार लावलं तर तो गुन्हा होता. ते लायसन दरसाल नवं व्हायचं आणि नवं होण्याआधी पोलिसांचा शेरा लागायचा. हात हलणाऱ्या माणसाला बंदुकीचा घोडा नीट करायला कोण देईल? लायसन गेलं की दुकान गेलं, आणि मिस्त्रींना दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून आम्ही तो हात लपवत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आमची तर खरंच मूठ झाकलेली. रस्त्याने जाताना ते हात कोटाच्या खिशात ठेवायचे. गिऱ्हाइकाशी बोलताना उजवं मनगट डाव्या हाताने धरून मागे बांधायचे. लोक म्हणायचे, मिस्त्री मोठ्या रुबाबात उभे राहतात. मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, आहे खरा रुबाब.

मोठी कामं अजून त्यांना जमत. नळी साफ करणं, स्प्रिंग बदलणं, बंदुकीचा तडकलेला लाकडी दस्ता जोडणं, यात हात थोडा हलला तरी निभतं. निभत नव्हतं ते बारीक काम, आणि त्यातही चारखाना. बंदुकीच्या मुठीवर उभ्याआडव्या रेघांची जाळी पाडतात, म्हणजे हात घामाने ओला झाला तरी पकड सुटत नाही. रेघा नीट खोल गेल्या की मधे मधे टोकदार दाणे उभे राहतात. त्या दाण्यांवर बोट फिरवलं की मिस्त्री कसा आहे ते कळतं. आमच्या दुकानाचं नाव त्या दाण्यांमुळेच होतं, आणि ते दाणे मी पाडत होते.

मी भंडाऱ्याची. माझा बाप पितळेच्या भांड्यांवर नक्षी काढायचा, आणि त्याला मुलगा नव्हता म्हणून असेल, त्याने छिन्नी माझ्या हातात दिली. लग्न होऊन गोंदियाला आले तेव्हा ती विद्या मी माहेरीच ठेवून आले असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. मिस्त्रींच्या हातातून बारीक स्क्रू निसटून पडायला लागले तेव्हा ती परत कामी आली. मागच्या पडवीत, चुलीच्या आडोशाला बसून मी मालगुजारांच्या बंदुकांच्या दस्त्यांवर चारखाना पाडू लागले. दस्ता बहुतेक शिसवाचा असे. कुणी शौकीन असला तर तेंदूच्या झाडाच्या पोटातल्या काळ्या लाकडाचा. आमच्याकडे तेंदूची पानं साऱ्या मुलुखाला बिडीसाठी ठाऊक, पण ते काळं लाकूड एकदा घासून पाहावं, लोखंडासारखं थंड लागतं. काम झालं की मिस्त्री ते पुढे नेऊन शिकंज्यात अडकवून ठेवत. गिऱ्हाईक आलं की दोनदा कानस फिरवल्यासारखं करत आणि मग सोडवून हातात देत. हे सोंग इतकं अंगवळणी पडलं होतं की मला कधीकधी हसू यायचं. त्यांना येत नसे.

लढाईची वर्षं होती. गावात रोज नवी अफवा, रुळांवर पोलिसांचा पहारा, आणि हत्यारांवर इंग्रज सरकारचा डोळा. भात पोटरीत आलं होतं आणि पाऊस गेल्यानंतरचा तो चिकट उन्हाळा सुरू झाला होता. अशा एका सकाळी एक पोलीस साहेब मोटारीने आमच्या दारात आले. हिंदी बोलणारे, उंच, कपाळावर सारखा रुमाल फिरवणारे. त्यांच्यामागे एक हवालदार होता, दवनीवाड्याकडचा, आमच्याच बोलीचा. साहेबांनी कुठल्याशा मालगुजाराच्या बंदुकीचा दस्ता पाहिला होता. तसाच चारखाना त्यांना आपल्या पिस्तुलावर हवा होता, तोही लाकडावर नव्हे, मुठीच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर, जिथे तीन बोटं वळून बसतात. ती पट्टी गुळगुळीत होती. दरेकशाच्या जंगलात भर पावसात पिस्तूल त्यांच्या हातातून निसटून चिखलात पडलं होतं, हाताखालच्या माणसांसमोर. ते त्यांनी सांगितलं नाही, हवालदाराने नंतर सांगितलं.

मिस्त्री म्हणाले, ठेवून जा, उद्या देतो. तिथवर सगळं ठीक होतं. मग साहेबांनी सांगितलं की हुकूम असा आहे, सरकारी पिस्तूल पोलिसाच्या नजरेआड एक क्षणही ठेवायचं नाही. हवालदार उद्या पिस्तूल घेऊन सकाळी येईल आणि काम होईपर्यंत समोर बसेल. संध्याकाळी साहेब स्वतः घेऊन जातील. जाता जाता त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहून हसून म्हटलं की आपल्या लायसनची मुदतही भरत आली आहे, कागद माझ्याकडेच येतील.

मोटार गेली तरी मिस्त्री दारात तसेच उभे होते. मी बाहेर आले. त्यांना नाही म्हणता आलं नसतं हे मलाही कळत होतं, पण मी भांडायलाच उठले. आता काय करायचं, हवालदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची का, असं मी विचारलं. ते उजवा हात डाव्याने दाबून उभे राहिले.

तोड मलाच सुचली, आणि सुचली ती जात्यावरून. दोन बायका एकाच खुंट्याला हात घालून दळतात तेव्हा जोर एकीचा असला तरी चालतो, दुसरी नुसती वळण देते. पाहणाऱ्याला कोण किती ओढतं ते कळत नाही. कानशीलाही दोन टोकं असतात. एका टोकाला मूठ, ती मिस्त्रींनी धरायची. दुसरं टोक मी समोर बसून धरायचं. कानस मिस्त्री ढकलतील तेव्हाच कापते, म्हणजे मी त्याच वेळी माझ्याकडे ओढायची. जोर आणि वळण माझं, नाव त्यांचं. हवालदाराने विचारलंच तर सांगायचं की लोखंडावर असंच दोघांनी करतात. गोंदियात लाकडाच्या प्रत्येक टालावर, वखारीत, दोघं जण एक करवत ओढतात, त्याला नवल वाटायचं कारण नव्हतं.

दुपारभर आम्ही एका जुन्या लोखंडी पट्टीवर सराव केला. आधी कानस वेड्यासारखी नाचली. मग मी तिचा पुढचा भाग दोन्ही हातांच्या बोटांत घट्ट धरला, तेव्हा त्यांच्या हाताची थरथर माझ्यापर्यंत येऊन तिथेच थांबायला लागली. माझ्या बोटांना ती कळत होती, मुठीत धरलेल्या पाखरासारखी. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांना रोज काय सोसावं लागतं ते मला त्या दुपारी कळलं, आणि माझं भांडण जिरलं.

एकच अडचण होती. आम्ही समोरासमोर बसलेलो, त्यामुळे त्यांचा डावा तो माझा उजवा. सराव करताना आम्ही घरात बोलतो तसंच बोललो. कानस सरकवायची असली की ते म्हणायचे, उगवतीले घे. किंवा मावळतीले घे. सूर्य दोघांनाही एकाच बाजूला उगवतो, त्यात घोळ होत नाही. आमच्या गावाकडे शेताच्या बांधापासून ताटातल्या भाजीपर्यंत सगळं असंच सांगतात. आम्हाला वाटलं, सगळं जमलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. पिस्तूल त्याने पट्ट्यातून काढून मिस्त्रींच्या हाती दिलं आणि दारातल्या स्टुलावर बसला. मिस्त्रींनी शिशाच्या पट्ट्या मधे घालून ते शिकंज्यात अडकवलं, मुठीची पुढची पट्टी वर करून. मी पदर कपाळापर्यंत ओढून समोर येऊन बसले. हवालदाराने भुवया उंचावल्या. मिस्त्रींनी ठरलं होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "हाव, लकडीवर पायलं आहे. लोखंडाले बी असंच करता का?" आणि तंबाखू चोळायला लागला.

पहिली रेघ मधोमध पाडायची असते. तिच्यावरच पुढचं सगळं चालतं. आमच्याकडे त्यासाठी दातांच्या दोन ओळींची एक कानस होती. एक ओळ आधीच्या रेघेत चालायची आणि दुसरी शेजारची नवी रेघ पाडायची. पहिली वाकडी गेली की सगळी जाळी वाकडी, आणि लोखंड परत भरून येत नाही. मी पहिली रेघ ओढली. मिस्त्री ढकलत होते, त्यांच्या कपाळावरून घाम शिकंज्यावर टपकत होता. रेघ सरळ आली. मी पदराआडून त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पाहिलं नाही.

मग हळूहळू बाकीच्या रेघा पडायला लागल्या. कानशीचे दात भरू नयेत म्हणून मी मधून मधून तिला खडू घासत होते. मिलचा भोंगा झाला, कोंड्याची धूळ नेहमीसारखी खिडकीतून आत आली. हवालदार सुरुवातीला अंगणातल्या कोंबड्या बघत होता. नंतर तो आमच्या हातांकडे बघायला लागला. बंदुकीच्या माणसाची नजर ती, तिला हात कळतो. मिस्त्रींना ते जाणवलं. त्यांचा हात जास्तच हलायला लागला, आणि ते लपवायला त्यांनी आवाज चढवला. एरवी अर्धं वाक्य बोलणारा माणूस एकाएकी मोठ्या कारखान्यातला उस्ताद झाल्यासारखा बोलायला लागला. तरुणपणी ते नागपूरला एका कारखान्यात शिकले होते. तिथले शब्द त्यांनी बाहेर काढले. खडू लाव. टोक उचल. सावकाश. हवालदारासमोर आपण मिस्त्री दिसावं, एवढाच त्यांचा हेतू होता. मी मुकाट्याने करत होते. परक्या पुरुषासमोर नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीत नव्हती, आणि मी घराण्याची मोठी सून, माझ्या तोंडून शब्द निघणं शक्यच नव्हतं.

कडेची शेवटची उभी रेघ होती. कानशीची एक ओळ आधीच्या रेघेत नीट बसत नव्हती, थोडी दाबायची होती. मिस्त्री खणखणीत आवाजात म्हणाले, "डावीकडं दाब."

कोणाची डावी? एवढंच विचारायचं होतं मला. कालच्या दिवसात एकदाही ते डावी म्हणाले नव्हते. घरात आम्ही कुणी कधी म्हणत नव्हतो. उगवती म्हणाले असते तर मी डोळे मिटून दाबली असती. विचारायला तोंड उघडलं तर हवालदाराला कळणार की हे काम बाईच्या समजुतीवर चाललं आहे. मी तोंड मिटलेलं ठेवलं आणि माझ्या डावीकडे दाबली.

कानस रेघेतून उसळली. पाडलेल्या रेघांवरून तिरकी घसरत ती पट्टीच्या कडेवरून खाली उतरली आणि पिस्तुलाच्या साफ, काळ्या अंगावर एक पांढरी चरचरीत रेघ ओढून थांबली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्या बोटांना रक्त आलं होतं, पण मी त्या पांढऱ्या रेघेकडे पाहत होते. साहेबांचं पिस्तूल, आणि लायसनचा कागद त्यांच्याकडेच यायचा होता.

हवालदार उठून जवळ आला. वाकून पाहिलं. "गेलं का काम?" त्याने विचारलं. मिस्त्री म्हणाले, "नाई, होते बराबर." पण त्यांचा आवाज गेला होता. त्यांनी पुन्हा कानशीची मूठ धरली, आणि ती त्यांच्या हातात अशी कडकडा वाजायला लागली की लपवण्यासारखं काही राहिलंच नाही.

मी पाहत होते. चरा किती खोल आहे ते मला दिसत होतं. रेघा अजून उथळ होत्या. सगळी जाळी खोल नेली तर रेघांवरचा चरा त्यात गिळला जाणार होता. साफ अंगावर उतरला होता तेवढ्यासाठी, सारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना, एकेक रेघ जास्त पाडायची, म्हणजे कड पुढे सरकेल आणि चरा कडेत जाईल. होण्यासारखं होतं. पण त्या हाताने होण्यासारखं नव्हतं. अजून एकदा कानस उसळली असती तर पिस्तूल टाकून द्यायच्या लायकीचं झालं असतं. मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हते. ते मूठ सोडायलाही तयार नव्हते, ती धरलेली असेपर्यंत ते मिस्त्री होते.

मी डोक्यावरचा पदर मागे सारला, कारण तो डोळ्यांवर येत होता.

"तुमी हात काढा," मी म्हटलं.

ते ऐकलंच नाही असं दाखवत बसून राहिले. मी परत म्हटलं, याच शब्दांत आणि जरा मोठ्याने. मी मुळातच तापट आहे, आणि त्या वेळी मला हवालदार, रीत, कोणी दिसत नव्हतं. मिस्त्रींनी हात काढला. उठून ते पाण्याच्या घड्याशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. मी त्यांच्या जागेवर बसले, कानशीची मूठ धरली आणि कामाला लागले.

ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. लाज वाटत नाही सांगायला. उभ्या रेघा खोल नेल्या, चरा जाळीत विरघळला. एकेक रेघ दोन्हीकडे वाढवली. मग आडव्या रेघा घेतल्या, त्या पट्टीच्या गोलाईवरून जातात, मनगट वळवत न्यावं लागतं. बापाने लोट्याच्या गळ्यावर वेल काढायला शिकवलं होतं तेच वळण. दाणे एकेक करून वर यायला लागले. हवालदार तंबाखू थुंकायलाही उठला नाही. शेवटी मी दात घासायच्या जुन्या काडीने कीस झाडला, तेल लावलं आणि पिस्तूल त्याच्यासमोर धरलं. त्याने मूठ आवळली, सोडली. मग मिस्त्रींच्या पाठीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, मी काई पायलं नाई. तुमी आता आतमंदी जा."

मी आत गेले. दाराआड उभी राहून मी देवाचं नाव घेत होते. हवालदार भला निघाला होता, काम झालं होतं, आता साहेब येऊन घेऊन गेले की सुटलो. मिस्त्री घड्याजवळून हललेच नाहीत. मी त्यांना आतून हाक मारली नाही. मी वापरलेले शब्द त्यांना लागले होते हे मला दिसत होतं. पण दुसरे कोणते वापरायला हवे होते ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही.

दिवस कलताना साहेब आले. पिस्तूल घेतलं, बोटं दाण्यांवर बसवली, हात ताणून अंगणातल्या चिंचेवर नेम धरल्यासारखं केलं. रुमालाने तळवा न पुसता पुन्हा धरून पाहिलं. खूश झाले. कड थोडी रुंद झालेली त्यांच्या लक्षातही आली नाही, आली असेल तर आवडली. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग ते म्हणाले की आपल्या हाताखालच्या अंमलदारांची आणखी तीन पिस्तुलं आहेत. देवरीला कॅम्प पडणार आहे, मिस्त्रीने सामान घेऊन सोबत चलावं, तिथे आपल्यासमोर बसून काम करावं.

मला तिथे नेता येणार नव्हतं. मी दाराच्या कडीला धरून उभी होते आणि भराभर निमित्तं शोधत होते. ताप, घरात सुतक, कानस मोडली. हवालदारानेच तोंड उघडलं. मिस्त्रींना सकाळपासून ताप आहे, तापातच त्यांनी हे काम केलं, असं तो हिंदीत म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. बरं तर, ताप उतरला की या, लायसनचं आम्ही पाहून घेऊ. ते दाराकडे वळलेसुद्धा.

तेवढ्यावर गप्प बसायचं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पुढचं पुढे पाहता आलं असतं.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "ताप नाही."

त्यांनी कोटाच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि साहेबांसमोर धरला. तो हलत होता. त्यांनी तो डाव्या हाताने धरला नाही, हलू दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहत होते. साहेब त्या हाताकडे पाहत राहिले, मग पिस्तुलाकडे.

"फिर ये काम किसका है?"

मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं नाही. आमच्या घरी माझं लग्नातलं नावसुद्धा कधी कुणी घेत नव्हतं. सासरी मी मोठी सून होते, मिस्त्रींसाठी "ऐकलं का" होते. साहेबांना त्यांनी नाव सांगितलं ते माझं माहेरचं. बापाने ठेवलेलं, लग्नाच्या दिवशी तांदळात नवं नाव लिहून ज्याच्यावर पडदा पडला ते. आणि त्यापुढे माझ्या बापाचं नाव, मग भंडारा. स्वतःचं नाव त्यांनी त्यात कुठेच घातलं नाही. ते माझं नाव त्यांना ठाऊक आहे हेही मला माहीत नव्हतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खटला भरला नाही. पण लायसन ज्याच्या नावावर आहे त्याचा हात चालत नाही आणि जिचा चालतो तिला लायसन देता येत नाही, एवढं सांगून त्यांनी हवालदाराला खूण केली. हवालदाराने स्टूल ओढलं, वर चढून चौकट खिळ्यावरून काढली. दुरुस्तीला आलेल्या बंदुका मोजून मोटारीत ठेवल्या. जाताना तो माझ्याकडे बघू शकला नाही.

मोटार गेल्यावर मी बाहेर आले. माझ्या अंगाची आग झाली होती. एवढं सगळं सावरलं, बोटं फोडून घेतली, आणि मिस्त्री एका वाक्यात सगळं घालवून बसले. उद्यापासून खायचं काय, हा प्रश्न माझ्या तोंडावर होता.

"काऊन सांगतलं?" मी विचारलं. "तो पोलीस झाकून राहिला होता. तुमाले कायले सांगाची गरज होती?"

ते शिकंज्याजवळ बसले होते. उजवा हात मांडीवर उघडा ठेवलेला, आणि तो जसा हलायचा तसा हलत होता.

"तू दाणे पाडून राहिली होतीस, मी तिकडं तोंड करून ऐकून राहिलो होतो," ते म्हणाले. "कानशीचा आवाज. माझा हात धड होता तवाबी माझा असा आवाज येत नव्हता."

मग त्यांनी मला त्या माहेरच्या नावाने हाक मारली आणि पाणी मागितलं. मी घड्यातून तांब्या भरला. त्यांच्या हातात देताना सांडू नये म्हणून रोज मी तो अर्धाच भरायची, त्या दिवशी काठोकाठ भरला, आणि ते पिऊन होईपर्यंत खालून धरून उभी राहिले.